‘लातूर रोड’ ते लातूर : एका स्थानकाचा दुसरा जन्म

लोहा : नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हे तालुक्याचे गाव आहे. याच तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ही यात्रा महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. तिला येणारा यात्रेकरू असो की पुण्या-मुंबईला निघालेला विद्यार्थी, लोह्यात उतरणारा वा लोह्यातून निघणारा प्रत्येक जण रस्त्यानेच येतो-जातो. गावाला रेल्वे नाही. रेल्वेने जायचे तर एका दिशेला नांदेड गाठावे लागते किंवा दुसऱ्या दिशेला अहमदपूर, चाकूर ओलांडून लातूर.

यांपैकी लातूर स्थानकाचा इतिहास मराठवाड्यातील इतर कोणत्याही स्थानकापेक्षा वेगळा आहे. अडीच फुटी रुळांवर १९११ मध्ये सुरू झालेले हे स्थानक जवळजवळ शतकभर त्याच अरुंद रुळांवर चालले. नंतर ते बंद झाले आणि २००७ मध्ये नव्या जागी, नव्या मापाच्या रुळांवर पुन्हा सुरू झाले. रूळ रुंद झाल्याने नेमके काय बदलते, याचे उत्तर लातूरकरांना २०१६ च्या उन्हाळ्यात मिळाले. ज्या गावांना अजून रेल्वेची प्रतीक्षा आहे, त्यांच्यासाठी हा इतिहास म्हणूनच उपयोगाचा आहे.

‘रोड’ या शब्दाचा अर्थ

रेल्वेच्या नकाशावर ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द असतो, ते स्थानक बहुधा त्या गावात नसते. गाव दूर असते आणि स्थानकापासून गावाकडे रस्ता जातो, एवढाच त्या नावाचा अर्थ. ‘लातूर रोड’ हे याचे ठळक उदाहरण. विकाराबाद-परळी या मार्गावरचे हे स्थानक चाकूर तालुक्यात असून लातूर शहर तेथून तीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. निजामाच्या रेल्वेने हा मार्ग टाकला तेव्हा लातूरच्या बाजारपेठेला बाजूला ठेवून तो पुढे गेला.

या कथेत असे आणखी एक ‘रोड’ आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीचा लोहमार्ग १८५९-६० च्या सुमारास आज कुर्डुवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी पोहोचला. त्या स्थानकाला तेव्हा ‘बार्शी रोड’ हे नाव होते. बार्शी ही कापूस आणि धान्याची मोठी पेठ. पण ती तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर होती. हे अंतर बैलगाडीने कापावे लागे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात गाड्या रुतत आणि माल अडकून पडे. बार्शीच्या व्यापाऱ्याला रेल्वे दिसत होती, पण हाताशी नव्हती.

कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी

या अंतरावर उपाय शोधला तो एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७-१९२७) या इंग्रज अभियंत्याने. १८८० च्या दशकात ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात होते. मोठ्या मार्गापासून आत असलेल्या पेठांना जोडायचे तर तेथे ब्रॉडगेज परवडणार नाही. मात्र हलके, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध असे अरुंद मार्ग फायद्यात चालू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, हे माप निवडले. १८९५ मध्ये लंडनमध्ये ‘बार्सी लाइट रेल्वे’ कंपनीची नोंदणी झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा मार्ग सुरू झाला.

कॅलथ्रॉप यांच्या योजनेचा गाभा वजनाच्या हिशेबात होता. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये, हा त्यांचा नियम. भार सर्वत्र सारखा वाटला गेला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. त्यामुळे गजाला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरले. इंजिने लीड्सच्या ‘किटसन’ कारखान्यात बांधली गेली. मालडबे सांगाड्यासह पोलादी असल्याने स्वतःच्या वजनाच्या मानाने पुष्कळ माल वाहून नेत. हलक्या रेल्वेच्या जगभरच्या इतिहासात बार्शीच्या या मार्गाचे नाव आजही आदराने घेतले जाते.

कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात याच मापाचा ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ हा मार्ग उभारला. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. तेथे आज पायवाट आहे. त्यांच्या बार्शीच्या मार्गाला मात्र अधिक दीर्घ आयुष्य लाभले.

लातूर : मार्गाचे शेवटचे टोक

बार्शीच्या यशानंतर कंपनीने दोन दिशांना हात पसरले. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गाडी गेली आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांना नवे साधन मिळाले. १९२७ मध्ये हाच फाटा मिरजेला जाऊन भिडला. पूर्वेकडे १९०७ मध्ये मार्ग तडवळ्यापर्यंत पोहोचला आणि १९११ मध्ये लातूरला. सर्व मिळून हा विस्तार सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला.

लातूरला येणारी गाडी त्या काळी दोन राज्यांतून धावत असे. बार्शी मुंबई इलाख्यात, तर लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानचे नाणे निराळे, करोडगिरीची म्हणजे सीमेवरच्या जकातीची व्यवस्था निराळी, कारभाराची भाषाही निराळी. या सीमेला छेदून लातूरचे धान्य, तूर आणि कापूस पश्चिमेकडे जाऊ लागले. राजकीय नकाशावर लातूरचे तोंड हैदराबादकडे होते, तर रेल्वेने ते मुंबईकडे वळवले. आज डाळी आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ म्हणून लातूरची ओळख आहे. तिच्या घडणीत या अरुंद रुळांचा वाटा मोठा आहे.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनीचा मार्ग ताब्यात घेतला आणि तो मध्य रेल्वेचा भाग झाला. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले होते; १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सीमा पुसल्या गेल्या, जकातीची नाकी गेली. रुळांचे माप मात्र तेच राहिले.

मापांची भिंत

स्वातंत्र्यानंतर मराठवाड्यात रेल्वेची तीन मापे नांदत होती. मनमाडहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा १९०० च्या सुमाराचा मार्ग मीटरगेज होता. विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोडमार्गे परळीकडे येणारा मार्ग ब्रॉडगेज. लातूरचा मार्ग नॅरोगेज. एकाच विभागातील तीन शहरांच्या गाड्या एकमेकांच्या रुळांवर जाऊ शकत नव्हत्या.

याची किंमत व्यापाराने मोजली. लातूरहून निघालेले पोते कुर्डुवाडीला पोहोचले की लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावे लागे. त्यात हमाली होती, वेळ होता आणि सांडलवंड होती. ट्रकांची संख्या वाढली आणि रस्ते सुधारले तसे हे दुहेरी काम व्यापाऱ्यांना नकोसे झाले. पोते दुकानाच्या दारातून उचलून थेट मुंबईच्या बाजारात उतरवणारा ट्रक आणि वाटेत डबा बदलणारी आगगाडी यांच्या स्पर्धेत आगगाडी हरणार, हे उघड होते. प्रवाशांचेही तेच झाले. एस.टी. महामंडळाची बस आणि पुढे खासगी आरामगाडी लातूरहून रात्री निघून सकाळी पुण्या-मुंबईत पोहोचू लागल्यावर छोट्या गाडीतून कुर्डुवाडी गाठून तेथे मुंबईच्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ उरला नाही.

१९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. शिक्षण आणि व्यापार या दोन्ही अंगांनी शहर वाढत होते. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या या शहराला देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्याशी थेट जोडणी मात्र नव्हती. स्थानक होते, गाडी होती, तरीही मुंबईची गाडी लातूरला येऊ शकत नव्हती.

बंद आणि पुन्हा सुरू

नॅरोगेजचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर म्हणजे जुन्या रुळांशेजारी दोन नवे रूळ टाकणे नव्हे. १,६७६ मिलिमीटरच्या मार्गासाठी भराव रुंद करावे लागतात, पूल नव्याने बांधावे लागतात आणि वळणे सैल करावी लागतात. अरुंद मार्ग ज्या तीव्र वळणांवरून सहज जातो, तेथून मोठी गाडी नेता येत नाही. बार्शी आणि येडशीच्या दरम्यान बालाघाटाच्या डोंगररांगा आहेत. त्यामुळे काही ठिकाणी जुनी वाट सोडून नवी आखणी करावी लागली.

या आखणीत एक जुना अन्यायही दूर झाला. नॅरोगेजचा मार्ग येडशीवरून जात असे आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही रेल्वेपासून वंचित होते. ब्रॉडगेजचा मार्ग वळवून शहराजवळून नेण्यात आला. लातूर ते उस्मानाबाद हा टप्पा २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा टप्पा २००८ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या टोकाला लातूर ते लातूर रोड हा, नॅरोगेजच्या काळात अस्तित्वातच नसलेला, जोडमार्ग बांधला गेला. पंढरपूर-मिरज हा भागही पुढे ब्रॉडगेज झाला.

या बदलाने लातूरचे स्थान पालटले. १९११ पासून लातूर हे मार्गाचे शेवटचे टोक होते. गाडी येथे येऊन थांबे आणि उलट फिरे. आता ते मधले स्थानक झाले. पश्चिमेला कुर्डुवाडीमार्गे पुणे-मुंबई आणि मिरज, पूर्वेला लातूर रोडमार्गे उदगीर, बीदर, हैदराबाद किंवा परळी, परभणी, नांदेड, अशा दोन्ही दिशा उघडल्या. मुंबई-लातूर ही थेट रात्रीची गाडी सुरू झाली आणि थोड्याच काळात तिचे आरक्षण मिळणे ही शहरातील नित्याची अडचण बनली.

काही गोष्टी हातच्या गेल्या, हेही नोंदवायला हवे. जुने स्थानक गावाला लागून होते; नवे मध्यवस्तीपासून दूर आहे आणि तेथे पोहोचायला रिक्षा लागते. नॅरोगेजच्या काळात वाटेतल्या लहान गावांशी गाडीचे जे घरगुती नाते होते, तेही राहिले नाही. लांब पल्ल्याची गाडी लहान स्थानकावर थांबत नाही. रूळ तेथून जातात, गाडीही जाते; फक्त थांबा नसतो.

जलदूत

रुंद रुळांची खरी परीक्षा २०१६ मध्ये झाली. सलग अपुऱ्या पावसानंतर मांजरा धरण कोरडे पडले. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८३ हजार लोकसंख्येच्या लातूर शहराचा पाणीपुरवठा याच धरणावर अवलंबून होता. मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाला पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. टँकरभोवती होणारी गर्दी आणि हाणामारीची भीती हे त्याचे कारण होते.

तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याचा निर्णय झाला. राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत टाकीच्या वाघिणी आतून धुऊन, स्वच्छ करून पिण्याच्या पाण्यासाठी सज्ज करण्यात आल्या. मिरजेत कृष्णेचे पाणी भरून दहा वाघिणींची पहिली गाडी ११ एप्रिलला निघाली. ३४२ किलोमीटरचे अंतर कापून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरला पोहोचली. पुढच्याच आठवड्यात पन्नास वाघिणींची गाडी आली. तिच्यात सुमारे २५ लाख लिटर पाणी होते. ते स्थानकाजवळच्या विहिरीत उतरवून पुढे शुद्धीकरणासाठी नेले जाई. या गाडीला ‘जलदूत’ हे नाव मिळाले.

पंचवीस लाख लिटर हा आकडा मोठा वाटतो. शहराच्या लोकसंख्येने भागला तर तो माणशी साडेसहा लिटरच्या आसपास येतो. म्हणजे पन्नास वाघिणींची एक खेप प्रत्येक लातूरकराच्या वाट्याला जेमतेम अर्धी बादली पाणी आणत होती. तहान भागवायला ते पुरेसे होते, संसार चालवायला नव्हते. तरीही शहर ओस पडण्याच्या चर्चा सुरू असताना या गाडीने दिलासा दिला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा भरले आणि जलदूतचे काम संपले.

मार्ग नॅरोगेजच राहिला असता तर हे शक्य झाले असते काय? मिरज आणि लातूर ही दोन्ही टोके जुन्या मार्गावरच होती. अंतरही फारसे वेगळे नव्हते. परंतु एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी मावते. ते चार आसांवर विभागले तरी नुसत्या पाण्याचाच भार प्रत्येक आसावर बारा टनांहून अधिक होतो. वाघिणीचे स्वतःचे वजन वेगळे. कॅलथ्रॉप यांचा मार्ग आखला गेला तो पाच टनांच्या हिशेबाने. शिवाय कोट्याहून आलेली वाघीण त्या रुळांवर उभीच राहू शकली नसती. मराठवाड्यात रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे व्यापार आणि प्रवास यांच्या नावाने केली गेली. तिचा सर्वांत मोठा उपयोग पाण्यासाठी होईल, हे मागणी करणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आले असण्याचा संभव कमीच.

ही गाडी म्हणजे पाणी नियोजनाचे यश नव्हते, हेही तितकेच खरे. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणावे लागणे ही एका शहराच्या जलव्यवस्थेची हारच होती. रेल्वेने त्या हारीतून सावरायला वेळ मिळवून दिला. २०१९ मध्ये चेन्नई शहरावर अशीच वेळ आली तेव्हा जोलारपेट्टईहून पाण्याच्या गाड्या सोडण्यात आल्या.

गाडी कोणाची?

जोडणी झाली की वाटेकरीही वाढतात, याचा अनुभव लातूरने २०१७ मध्ये घेतला. मुंबई-लातूर एक्स्प्रेस बीदरपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला आणि शहरात संताप उसळला. गाडी बीदरहूनच भरून येईल आणि लातूरकरांना जागा मिळणार नाही, ही भीती होती. निदर्शने झाली, निवेदने गेली. अखेरीस आठवड्यातील चार दिवस गाडी लातूरपर्यंत आणि तीन दिवस बीदरपर्यंत, अशी विभागणी करण्यात आली.

या वादाची दुसरी बाजूही होती. बीदरकडे जाणारी गाडी उदगीरवरून जाते आणि उदगीर हे लातूर जिल्ह्यातीलच तालुक्याचे गाव. मुंबईला जाणारी थेट गाडी उदगीरकरांनाही हवी होती. शतकभर ज्या शहराने ‘आमच्याकडे गाडी येत नाही’ ही तक्रार केली, त्याच शहराला ती पुढे जाऊ नये असे वाटू लागले. यात लातूरकरांचा आडमुठेपणा शोधण्यापेक्षा गाड्यांची टंचाई पाहणे अधिक योग्य. मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या आणि प्रवासी भरपूर असले की शेजारच्या गावाची सोय ही आपली गैरसोय वाटू लागते.

हरंगुळचा कारखाना

नॅरोगेजच्या काळात लातूरच्या अलीकडे हरंगुळ नावाचे एक लहानसे स्थानक लागे. आज त्याच हरंगुळ परिसरात मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तेथे तयार झाला. ‘रेल विकास निगम’ आणि रशियन कंपनीच्या भागीदारीला २०२३ मध्ये १२० वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे कंत्राट मिळाले. त्या बांधण्यासाठी याच कारखान्याची निवड झाली. कारखान्याने स्थानिकांना किती रोजगार दिला, या मोजपट्टीवरच मराठवाडा त्याचे मूल्यमापन करील. पण तो येथे येऊ शकला याचे मूळ रुंद रुळांतच आहे. बांधलेला डबा देशभर जायचा तर तो दारातून थेट देशाच्या रुळांवर उतरला पाहिजे.

इतरत्र काय घडले

बंद झालेली स्थानके पुन्हा उघडण्याची चर्चा जगात सर्वाधिक होते ती ब्रिटनमध्ये. तेथे १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तोट्यातली हजारो स्थानके बंद करण्यात आली. स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क या लहान गावाचे स्थानक १९६७ मध्ये बंद झाले आणि ४२ वर्षांनी, २००९ मध्ये, पुन्हा उघडले. तेथून मुख्य मार्गाच्या गाड्या इतकी वर्षे धावत होत्या. फक्त थांबत नव्हत्या. लेव्हन या गावाचे स्थानक १९६९ मध्ये बंद झाले होते; ते २०२४ मध्ये सुरू झाले. मोटारगाड्यांच्या भरवशावर रेल्वे मोडीत काढणे महागात पडते, हा धडा तेथील नियोजनकर्त्यांनी अर्ध्या शतकानंतर घेतला.

महाराष्ट्रात लातूरसारखे भाग्य प्रत्येक नॅरोगेज मार्गाला लाभले नाही. विदर्भातील मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांवर धावणारी ‘शकुंतला’ थांबली आणि ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी तेथील नागरिकांना लढा द्यावा लागत आहे. पुलगाव-आर्वीचीही तीच कथा. रूपांतरासाठी बंद होणे आणि नुसतेच बंद होणे यांतील फरक सुरुवातीला कळत नाही. दोन्ही वेळा गाडी थांबते आणि रुळांत गवत वाढते. फरक पडतो तो मंजूर निधी आणि त्यामागचा पाठपुरावा यांमुळे.

लोह्याची प्रतीक्षा

लातूरचे स्थानक पुन्हा सुरू झाले तरी नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन मोठ्या शहरांमधील रेल्वेचे अंतर फारसे कमी झाले नाही. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे तर आधी वायव्येला परभणी गाठायची, तेथून दक्षिणेला परळी, मग लातूर रोड आणि शेवटी लातूर. रस्ता मात्र लोहा, अहमदपूर, चाकूरवरून सरळ जातो. त्यामुळे या दोन शहरांमध्ये ये-जा करणारा प्रवासी रेल्वेचा विचारही करीत नाही.

हा वळसा टाळण्यासाठी नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रोड असा नवा मार्ग प्रस्तावित आहे. मागणी जुनी आहे. निवडणुका आल्या की ती पुन्हा ऐकू येते. प्रत्यक्षात या मार्गावर अजून गाडी धावलेली नाही. अडचणींत एक प्रशासकीय गुंताही आहे. लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येते, तर लातूर रोड आणि नांदेड येथील मार्ग दक्षिण मध्य रेल्वेत येतात. दोन क्षेत्रांच्या सीमेवरचा प्रदेश दोघांच्याही प्राधान्यक्रमात मागे राहतो, ही मराठवाड्याची नेहमीची तक्रार आहे.

प्रतीक्षा दीर्घ असली तरी ती निष्फळ ठरतेच असे नाही. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गासाठी बीडकरांनी अनेक दशके वाट पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर-बीड रेल्वेसेवा सुरू झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा २०२४ मध्ये खुला झाला. तो पूर्ण झाला की नांदेडला विदर्भाची सरळ वाट मिळेल. लोह्याचा मार्ग झाला तर तीच वाट पुढे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत जोडली जाईल.

लातूरच्या इतिहासातून लोह्याने घ्यायची एक गोष्ट व्यावहारिक आहे. मार्ग कोठून जातो याइतकेच स्थानक कोठे येते, कोणती गाडी तेथे थांबते आणि पुढे कोठपर्यंत जाते, हेही महत्त्वाचे असते. बार्शी आणि लातूर या दोन्ही पेठांना मुख्य मार्गाने एकदा दूर ठेवले होते आणि ती चूक दुरुस्त व्हायला बार्शीला जवळपास चार दशके, तर लातूरला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. उद्या मार्ग आला तर फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर ‘लोहा’ लिहिले जाईल की ‘लोहा रोड’, याचा निर्णय आखणीच्या वेळीच होणार आहे.

ठळक टप्पे

१८५९-६० : मुंबई-सोलापूर मार्ग बार्शी रोड (कुर्डुवाडी) येथे पोहोचला.
१८९५ : लंडनमध्ये बार्सी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी.
१८९७ : बार्शी रोड-बार्शी टाऊन नॅरोगेज मार्ग सुरू.
१९०६ : कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग सुरू.
१९११ : लातूरला पहिली गाडी.
१९२७ : मार्ग मिरजेपर्यंत पूर्ण.
१९५४ : मार्ग सरकारच्या ताब्यात, मध्य रेल्वेत समावेश.
२००७ : लातूर-उस्मानाबाद ब्रॉडगेज सुरू.
२००८ : उस्मानाबाद-कुर्डुवाडी ब्रॉडगेज सुरू, मुंबईशी थेट जोडणी.
२०१६ : मिरजेहून लातूरला ‘जलदूत’.
२०१७ : मुंबई-लातूर एक्स्प्रेस आठवड्यातून तीन दिवस बीदरपर्यंत.
२०१८ : हरंगुळ येथे रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी.
२०२० : कारखान्यात डब्याचा पहिला सांगाडा तयार.